लाल दिवा लागण्याआधीचे तीन सेकंद

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल सुटली की पहिले स्टेशन येते शहाड. अंतर फार नाही, तरीही पुष्कळदा गाडी शहाडच्या अलीकडेच थांबते. डब्यातली माणसे खिडकीतून डोकावतात, "सिग्नल मिळाला नाही वाटतं," असे म्हणतात आणि पुन्हा आपापल्या मोबाईलमध्ये डोके घालतात. समोरचा मार्ग रिकामा दिसत असला, तरी 'मोटरमनने गाडी जरा पुढे काढायला काय हरकत होती' असे कोणी म्हणत नाही. तसे कोणी म्हणालेच, तर बाकीचे त्याला वेड्यात काढतील.

हीच माणसे स्टेशनबाहेर येऊन रिक्षात बसतात. चौकात लाल दिवा असतो, आडव्या रस्त्यावरून कोणी येताना दिसत नाही. रिक्षा क्षणभर रेंगाळते आणि पुढे निघून जाते. आता मात्र कोणालाच काही वावगे वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका रिक्षात आम्ही होतो. आम्हीही काही बोललो नाही, कारण आम्हाला उशीर झाला होता. कशासाठी? तर एका शाळेच्या पालकसभेत 'रस्त्यावरचे विज्ञान' या विषयावर बोलण्यासाठी!

सभेत आम्ही लाल दिव्याबद्दल सांगितले. दिवा मोडल्याने काय अनर्थ होऊ शकतो, दंड किती, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मागच्या बाकावरून एक पालक उभे राहिले. ते रिक्षा चालवतात. म्हणाले, "साहेब, तुमचं बरोबर आहे. पण पिवळा लागला म्हणून मी एकदम ब्रेक मारला, तर मागचा येऊन मला ठोकतो. मग मी थांबू की जाऊ?"

प्रश्न नेमका होता, आणि त्या क्षणी आमच्याकडे त्याचे नेमके उत्तर नव्हते. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की या प्रश्नात शाळेतल्या गतीच्या समीकरणांचा अर्धा धडा दडलेला आहे. लाल दिवा मोडण्याविरुद्ध वाहनचालकांना आपण जे शिकवतो, त्यातून नेमका हाच भाग गळून जातो.

सिग्नल आला तो रेल्वेकडून

रस्त्यावरचा सिग्नल हे रेल्वेचेच अपत्य आहे. १८६८ च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये पार्लमेंटजवळच्या चौकात जगातला पहिला वाहतूक सिग्नल उभा राहिला. तो तयार करणारे जे. पी. नाइट हे रेल्वेच्या सिग्नलांचे अभियंता होते. दिवसा वरखाली होणारे हात आणि रात्री वायूवर जळणारे लाल व हिरवे दिवे, अशी ती रचना होती. महिनाभरातच वायूचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला आणि प्रयोग थांबला. पुढे विजेचे दिवे आले. १९२० मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने लाल, पिवळा आणि हिरवा अशा तीन रंगांचा, चारही बाजूंना दिसणारा सिग्नल बसवला. आपल्या चौकातला सिग्नल साधारण त्याच वळणाचा आहे.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत पोचली आणि १८५५ मध्ये शहाडवरून वाशिंदपर्यंत गेली. म्हणजे या परिसरातल्या लोकांना लाल सिग्नलची ओळख चौकातल्या दिव्यांच्या कितीतरी आधीपासून आहे.

मग रुळांवर पाळला जाणारा लाल रंग रस्त्यावर का पाळला जात नाही? 'मोटरमनला शिस्त असते, आपल्याला नाही' हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. मोटरमन लाल सिग्नलला थांबतो, कारण त्याला थांबण्याची तयारी फार आधीपासून करता येईल अशी व्यवस्था केलेली असते. वर्दळीच्या मार्गांवर लालच्या आधीच्या खांबावर एक पिवळा दिवा असतो आणि त्याच्याही आधीच्या खांबावर दोन पिवळे. दोन पिवळे दिसले की 'पुढच्या सिग्नलला सावध', एक पिवळा दिसला की 'पुढच्या सिग्नलला थांबायचे आहे'. ही तयारी का लागते, ते गणिताने पाहू. लोकलचा वेग ताशी ८० किलोमीटर असेल आणि ब्रेक लावल्यावर तो दर सेकंदाला ०.८ मीटर/सेकंद या दराने कमी होत असेल, तर गाडीला थांबायला सुमारे ३१० मीटर लागतात. पोलादी चाक पोलादी रुळावर चटकन थांबत नाही. हे अंतर गृहीत धरूनच सिग्नल बसवलेले असतात.

शिवाय चूक होईल हेही रेल्वेने गृहीत धरलेले आहे. अशा सिग्नलांच्या मार्गावर लाल सिग्नलच्या पुढेही किमान १२० मीटरचा पट्टा रिकामा ठेवतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर मोटरमनने सिग्नलची दखल घेतली नाही, तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. रिक्षाचालकासमोर मात्र एकच पिवळा दिवा असतो, तोही बहुधा तीनच सेकंद. तेवढ्या वेळात त्याने सगळे ठरवायचे.

थांबायला किती अंतर लागते?

वाहन थांबण्याचे दोन टप्पे असतात. दिवा डोळ्यांना दिसणे, मेंदूने निर्णय घेणे आणि पाय ब्रेकवर जाणे हा पहिला टप्पा. या काळात वाहन पूर्वीच्याच वेगाने धावत असते. ब्रेक लागल्यापासून चाके थांबेपर्यंतचा दुसरा टप्पा.

पहिला टप्पा वर्गात मोजता येतो. एका विद्यार्थ्याने ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरावी. दुसऱ्याने खालच्या टोकापाशी, शून्याच्या खुणेजवळ, अंगठा आणि बोट थोडे उघडे ठेवावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने ती पकडायची. पट्टी जितकी खाली घसरली तितका प्रतिक्रियेला वेळ लागला. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूच्या सूत्रावरून हिशेब होतो: १५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.१७ सेकंद, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे ०.२३ आणि ३० म्हणजे ०.२५ सेकंद. मग त्याच विद्यार्थ्याला सतराचा पाढा उलटा म्हणायला सांगून पुन्हा पट्टी सोडावी. अनेकदा पट्टी हातातून निसटूनच जाते. मोबाईलवर बोलत वाहन चालवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. पट्टी पडणार हे विद्यार्थ्याला ठाऊक असते आणि त्याची बोटे तयार असतात. रस्त्यावर दिवा केव्हा बदलेल हे ठाऊक नसते, पायही ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर न्यावा लागतो. म्हणून सिग्नलच्या हिशेबात साधारण १ सेकंद धरतात. भारतीय रस्ते काँग्रेसने तर रस्त्यांची आखणी करताना अनपेक्षित अडथळ्यासाठी २.५ सेकंद धरलेले आहेत.

दुसऱ्या टप्प्यासाठी आपण मंदन ३ मीटर/सेकंद² धरू. म्हणजे दर सेकंदाला वेग ताशी सुमारे ११ किलोमीटरने उतरतो. आतली माणसे पुढे आदळणार नाहीत आणि मागच्यालाही सावरता येईल, असे हे बेताचे ब्रेक लावणे आहे. ब्रेकचे अंतर काढायचे सूत्र म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. आता हिशेब असा येतो:

ताशी ३० कि.मी. – विचारात ८ मीटर, ब्रेकमध्ये १२ मीटर, एकूण २० मीटर.
ताशी ४० कि.मी. – विचारात ११ मीटर, ब्रेकमध्ये २१ मीटर, एकूण ३२ मीटर.
ताशी ५० कि.मी. – विचारात १४ मीटर, ब्रेकमध्ये ३२ मीटर, एकूण ४६ मीटर.
ताशी ६० कि.मी. – विचारात १७ मीटर, ब्रेकमध्ये ४६ मीटर, एकूण ६३ मीटर.

वेग ३० वरून ६० वर गेला, म्हणजे दुप्पट झाला. पण थांबण्याचे अंतर तिपटीहून अधिक झाले. कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

पिवळ्या दिव्याचा पेच

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळू. पिवळा दिवा तीन सेकंद राहतो असे समजा. तेवढ्या वेळात न थांबता जाणारे वाहन किती अंतर कापते? ताशी ४० ने ३३ मीटर, ५० ने ४२ मीटर आणि ६० ने ५० मीटर.

हे आकडे वरच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. ताशी ४० ने येणारा चालक पिवळा लागताना थांबरेषेपासून ३२ मीटरपेक्षा दूर असेल, तर तो आरामात थांबू शकतो. ३३ मीटरच्या आत असेल, तर लाल लागण्यापूर्वी रेषा ओलांडू शकतो. कुठेही असला तरी त्याला एक तरी बिनधोक मार्ग आहे. पण ताशी ६० ने येणारा चालक ५५ मीटरवर असला तर? बेताने थांबायला ६३ मीटर हवेत, म्हणजे थांबता येत नाही. तीन सेकंदांत ५० मीटरच कापले जातात, म्हणजे रेषाही ओलांडता येत नाही. ५० ते ६३ मीटरच्या या पट्ट्यात सापडलेल्याने करकचून ब्रेक मारावा आणि मागच्याचा धक्का खावा, किंवा लाल दिवा मोडावा. आपण याला 'पेचाचा पट्टा' म्हणू.

हा पेच पहिल्यांदा नीट मांडला तो तीन शास्त्रज्ञांनी. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या प्रयोगशाळेतील गॅझिस, हर्मन आणि माराडुडिन यांनी १९६० मध्ये पिवळ्या दिव्याच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. यातले रॉबर्ट हर्मन म्हणजे विश्वाच्या जन्माच्या खुणा सांगणारे प्रारण आजही अवकाशात शिल्लक असले पाहिजे, असे भाकीत राल्फ आल्फर यांच्यासह १९४८ मध्ये करणारे शास्त्रज्ञ. विश्वाच्या आरंभाचा विचार करणाऱ्या माणसाला चौकातला पिवळा दिवा क्षुल्लक वाटला नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे.

आता पावसाळा आणू. रस्ता ओला आहे, चिखल आणि तेलाचा थर आहे, दुचाकी घसरण्याच्या भीतीने चालक ब्रेक हळू दाबतो. मंदन २ मीटर/सेकंद² वर आले असे समजा. मग ताशी ४० ला थांबायला ४२ मीटर लागतात, तीन सेकंदांत मात्र ३३ मीटरच होतात. उन्हाळ्यात ज्या वेगाला पेच नव्हता, त्याच वेगाला पावसात ९ मीटरचा पेच तयार झाला. ताशी ३० ला मात्र २६ आणि २५, म्हणजे पेच जवळजवळ नाहीच.

उताराचेही असेच आहे. शहाडच्या उड्डाणपुलावरून उतरणाऱ्याला वेग न वाढवताही वाढतो, हे सगळ्यांच्या अनुभवाचे आहे. एखाद्या पुलाचा उतार १०० मीटरला ४ मीटर असला, तर गुरुत्वाकर्षण मंदनातून सुमारे ०.४ वजा करते. मग ताशी ५० ला ब्रेकचे अंतर ३२ ऐवजी ३७ मीटर होते.

सारांश, लाल दिवा मोडण्याचा एक प्रकार चौकात सुरू होत नाही. तो शंभर मीटर आधी, वेग न उतरवण्यात सुरू होतो. पिवळा पाहून वेग वाढवणारा तर स्वतःचा पेच आणखी रुंद करत असतो.

'कोणी येत नाही' हा अनुभव

दुसरा प्रकार पेचातला नव्हे, निवडीचा. दिवा लाल झालेला दिसतो, थांबताही येते, पण रस्ता मोकळा वाटतो म्हणून चालक जातो. आमच्या रिक्षाने केले ते हेच.

चौकाचे वेळापत्रक पाहू. एका बाजूला लाल लागल्यावर दुसऱ्या बाजूला लगेच हिरवा न देता एकदोन सेकंद सगळीकडे लाल ठेवतात. हेतू हा की चौकात शिरलेले शेवटचे वाहन बाहेर पडावे. २० मीटर रुंदीचा चौक ताशी ४० ने ओलांडायला १.८ सेकंद लागतात, म्हणजे दोन सेकंद पुरतात. आता समजा, एकजण लाल लागल्यावर दोन सेकंदांनी शिरला आणि आडव्या रस्त्यावरचा दुसरा हिरवा लागण्याच्या दोन सेकंद आधी निघाला. दोघांनाही वाटते, आपण जेमतेम दोन सेकंदांची सूट घेतली. पण पहिला चौकात असतो तेव्हा दुसराही साधारण मध्यापर्यंत आलेला असतो. सिग्नलने राखून ठेवलेले सुरक्षिततेचे सेकंद दोघांनी दोन बाजूंनी खाऊन टाकलेले असतात.

सर्वांत मोठा धोका पायी चालणाऱ्याला असतो. १४ मीटर रुंदीचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर या चालीने ओलांडायला सुमारे १२ सेकंद लागतात. लहान मुले आणि वृद्ध यांना त्याहून जास्त. लाल दिव्याला बस थांबलेली पाहून मूल विश्वासाने तिच्यापुढून निघते. बसच्या कडेने दिवा मोडून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते मूल दिसत नाही आणि मुलाला तो दिसत नाही. त्याला दिसलेला 'मोकळा रस्ता' बसने झाकलेला असतो.

धडकेचा जोर समजावायला उंचीची तुलना उपयोगी पडते. ताशी ३० चा वेग म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून पडल्यावर येणारा वेग. ताशी ४० म्हणजे सहा मीटरहून थोडे जास्त, साधारण दुसऱ्या मजल्याची उंची. ताशी ६० म्हणजे चौदा मीटर, जवळजवळ पाचवा मजला.

तरीही दिवा मोडणारा म्हणतो, "इतकी वर्षं चालवतोय, काही झालं नाही." तो खोटे बोलत नाही. समजा, एकदा दिवा मोडण्यात अपघाताची शक्यता दहा हजारांत एक आहे. (हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे.) कोणी रोज पाच वेळा, वर्षाचे ३०० दिवस दिवा मोडत असेल, तर वर्षाला १,५०० वेळा आणि दहा वर्षांत १५,००० वेळा. इतक्या वेळांत एकदाही अपघात न होण्याची शक्यता सुमारे २२ टक्के येते. म्हणजे शंभरांतले बावीसजण दहा वर्षांनंतर छातीठोकपणे 'काही होत नाही' असे सांगतील, आणि एखाद्या दिवसापुरते विचारले तर जवळजवळ सगळेच सांगतील. ज्यांच्यावर वेळ आली, त्यांतले काही सांगायला उरणारच नाहीत. अनुभव हा चांगला गुरू खरा, पण क्वचित घडणाऱ्या आणि भयंकर गोष्टींच्या बाबतीत तो चुकीचे शिकवतो. प्रत्येक यशस्वी लबाडी पुढच्या लबाडीचा धीर देते.

इथे रेल्वेकडून एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. गाडीने परवानगीशिवाय लाल सिग्नल ओलांडला, तर कोणाला खरचटले नसले तरी रेल्वेच्या लेखी तो अपघातच असतो. त्याची नोंद होते, चौकशी होते. स्वयंचलित सिग्नल लाल असताना पुढे जाण्याची मुभा मिळते, तीही आधी पूर्ण थांबून, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे वाट पाहून, मग अगदी सावकाश. हा नियम मोडला की काय होते, ते २९ ऑक्टोबर २०२३ ला आंध्र प्रदेशात विजयनगरम जिल्ह्यात दिसले. एका पॅसेंजर गाडीने पुढच्या गाडीला मागून धडक दिली आणि दहाहून अधिक माणसे दगावली. मागच्या गाडीने सिग्नलचे नियम पाळले नाहीत, असा प्राथमिक चौकशीचा निष्कर्ष होता. रेल्वेतही चुका होतात. पण रेल्वे रक्त सांडण्याची वाट न पाहता चूक मोजते. रस्त्यावर आपण फक्त रक्त मोजतो.

कायदा मात्र आता या दिशेने आला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये लाल दिवा मोडण्याचा समावेश धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्ट शब्दांत केलेला आहे. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. कोणाला इजा झाली की नाही, हा प्रश्न तिथे नाही.

एक शंका रास्त आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे रोज सरासरी ४६० हून अधिक. त्यातले सत्तर टक्क्यांच्या वर मृत्यू अतिवेगाच्या खात्यात जमा आहेत. लाल दिवा मोडण्याच्या खात्यातले अपघात एकूण अपघातांच्या एक टक्क्याच्या आसपास आहेत. मग एवढा खटाटोप का? एक तर सिग्नल असलेले चौक एकूण रस्त्यांच्या मानाने फारच थोडे. दुसरे, वर पाहिल्याप्रमाणे वेग आणि लाल दिवा ही खाती वेगळी नाहीत. लाल दिव्याला थांबता येईल अशा वेगाने चालवणारा माणूस सिग्नल नसलेल्या वळणावरही वाचण्याची शक्यता अधिक.

शाळा काय करू शकते?

मुंबई-ठाण्याच्या कित्येक शाळांत आर.एस.पी., म्हणजे रस्ता सुरक्षा दल, आहे. कवायत आणि हाताच्या खुणा यांच्या जोडीला ही काही कामे त्यांना देता येतील.

पहिले, मैदानावर चुन्याने थांबरेषा आखून तिच्यापासून २०, ३२, ४६ आणि ६३ मीटरवर खुणा कराव्यात. मैदान लहान असेल तर पहिल्या दोनच. पालकसभेला आलेल्या वाहनचालकांना आधी विचारावे, 'ताशी ४० ला थांबायला किती जागा लागेल, तिथे उभे राहा.' मग चालत खऱ्या खुणेपर्यंत न्यावे. भाषणापेक्षा हे चालणे अधिक लक्षात राहते.

दुसरे, शिक्षकांसोबत पदपथावर सुरक्षित जागी उभे राहून जवळच्या चौकातल्या पिवळ्या दिव्याचा आणि 'सगळीकडे लाल'चा काळ घड्याळाने मोजावा. लाल लागल्यावर शिरणारी वाहने आणि हिरव्याआधी निघणारी वाहने वेगवेगळी मोजावीत. वाहनांचे क्रमांक टिपू नयेत. आपल्याला चोर पकडायचे नाहीत, सवय समजून घ्यायची आहे.

तिसरे, त्या रस्त्यावरचा नेहमीचा वेग पाहता पिवळा काळ कमी वाटला, तर हिशेबासह वाहतूक पोलिसांना आणि महापालिकेला पत्र लिहावे. अमेरिकेतील टेक्सासमधल्या अभ्यासात पिवळ्याचा काळ अर्धा ते दीड सेकंद वाढवल्यावर लाल दिवा मोडण्याचे प्रसंग निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटलेले आढळले. चालकाला शिकवणे जितके गरजेचे, तितकेच त्याला पेचात न टाकणेही.

आणि त्या पालकांना उत्तर? पुढच्या सभेला ते आले होते. आम्ही सांगितले, "दादा, चौक शंभर मीटरवर असतानाच ॲक्सिलरेटर सोडा आणि आरशात बघा. ब्रेकवर हलका पाय ठेवा, म्हणजे मागचा दिवा पेटून मागच्याला कळेल. वेग चाळीसच्या आत आला की पेच उरत नाही, पावसात तिसाच्या आत. पिवळा लागताना अगदी रेषेशी असाल आणि थांबणं धोक्याचं असेल, तर जा. लाल लागल्यावर मात्र नाही."

त्यांनी ३२ मीटर चालून पाहिले, वळून थांबरेषेकडे बघितले आणि म्हणाले, "एवढं लागतं होय! मी दहा-बारा धरून चाललो होतो."

परतताना आम्ही रिक्षा केली. त्याच चौकात दिवा लाल होता आणि आडवा रस्ता मोकळा होता. या वेळी आम्ही म्हणालो, "थांबू या ना, घाई नाही." रिक्षा थांबली. मागून दोन-तीन हॉर्न वाजले. दिवा हिरवा व्हायला एक मिनिटही लागले नाही. त्या अवधीत शाळा सुटलेली पाचसहा मुले समोरून रस्ता ओलांडून गेली.

तुमच्या शाळेजवळच्या चौकात पिवळा दिवा किती सेकंद राहतो, हे मुलांकडून मोजून घेऊन आम्हाला जरूर कळवा.